बाबाले स्टेंट टाकला, आता बरं वाटते म्हणून गोळ्या बंद केल्या. काय करू? सल्ला द्या

राळेगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, धागा लांब होईन पण सगळं सांगतो म्हणजे सल्ला नीट भेटन. गाव राळेगाव तालुक्यात, कोरडवाहू वावर, कापूस अन तूर. बाबा ५८ वर्षांचे. जानेवारीत पहाटे तुरीच्या गंजीवर होते, कडाक्याची थंडी, अन घरी आले तं बनियन पिळून निघन इतकी ओली. छाती दुखते असं म्हणतच नव्हते, म्हणे छातीवर कोणी जातं ठेवल्यावानी वाटते अन डावा जबडा ओढून राह्यला. मायनं ओवा देल्ला. एका डॉक्टरनं गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, त्यात अडीच तास गेले, ते अडीच तास माझ्या डोक्यातून जात नाई. मग ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला तं त्यांनी लगेच गोळ्या चावून खायला लावल्या, गाठ विरघळायचं इंजेक्शन देल्लं अन १०८ नं वर्धेकडं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी. समोरची मोठी नस ९५ टक्के बंद होती, तिच्यात स्टेंट टाकला. उजव्या नसेत ६० टक्के ब्लॉक आहे तो तसाच ठेवला. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्के लिहून आलं. सगळं सरकारी योजनेत झालं, पैसे नाई लागले.

आता होळी झाली, बाबाले एकदम बरं वाटते. दात घासतानी हिरडीतून रक्त येते म्हणून रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चार दिवसांपासून बंद केल्या. म्हणे नस तं मोकळी झाली, आता कायले? वरून शेजारच्या काकाजीनं एक पत्रक आणून देल्लं, बिना ऑपरेशन नस साफ, ३० सलाईन. बाबा तिकडं जाऊ म्हणून राह्यले. दुसरा ब्लॉक काहून ठेवला याचाही राग आहे त्यांले. मी दहावी शिकलेला, मले समजावून सांगता येत नाई. वावरात कधी जायचं, फॉलोअप कुठं चांगला, हेही सांगा.

सिस्टर_वर्धा

दादा, बाकी सगळं नंतर वाचा, आधी जिथे स्टेंट टाकला तिथे आत्ता फोन लावा. डिस्चार्ज कार्डावर नंबर असतो. चार दिवस दोन्ही गोळ्या बंद आहेत हे स्पष्ट सांगा, कोणती किती घेऊन सुरू करायची ते तेच सांगतील. उद्यावर टाकू नका. आणि तोपर्यंत छातीत दाटलं, घाम आला, दम लागला तर फोनबिन सोडा, सरळ १०८.

कारण सांगते. स्टेंट म्हणजे जाळीची बारीक नळी, धातूची. रक्ताला बाहेरची वस्तू दिसली की प्लेटलेट तिला चिकटायला धावतात, आपल्याला खरचटल्यावर खपली धरते ना तसंच. हळूहळू त्या जाळीवर आपल्याच नसेचं अस्तर चढतं, पण त्याला महिने लागतात. तोवर ॲस्पिरिन आणि दुसरी गोळी (क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, तुमच्या कार्डावर पहा) पहारा देतात. अटॅकनंतर दोन्ही साधारण वर्षभर आणि ॲस्पिरिन पुढेही. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते आणि अख्खी नस एका झटक्यात बंद पडते. आमच्या वॉर्डात असे पेशंट परत आलेले मी पाहिलेत. काही आलेच नाहीत.

हिरडीतून थोडं रक्त येणं या गोळ्यांवर दिसतंच. मऊ ब्रश घ्या. बाबा खर्रा (तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण) खातात का? तसं असेल तर हिरडी त्या चुन्यानं आणि सुपारीनं आधीच सोललेली असते. मात्र शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त आलं किंवा नाकातलं रक्त थांबेना तर लगेच दवाखाना. दात काढायचा असेल तर स्टेंट आहे हे आधी सांगायचं.

राळेगावचा_पोरगा

लावला फोन. आज सांजच्याले किती गोळ्या घ्यायच्या ते सांगतलं, मंगळवारी ओपीडीत बोलावलं. बाबा अजून कुरकुर करून राह्यले पण मायनं हातात पाणी देल्लं तं घेतल्या. खर्रा ३० वर्षांपासून, दिवसाले सात-आठ पुड्या.

ठिबकवाला

भाऊ, बाबाले वावराच्या भाषेत सांग. हृदय म्हणजे मोटर. मिनिटाले ७० वेळा दाबते, एका दाबाले सत्तर मिलीच्या आसपास रक्त, म्हणजे मिनिटाले ५ लिटर. तुमचा फवारणीचा १६ लिटरचा पंप सव्वातीन मिनिटात भरन. दिवसाले ७००० लिटरच्या वर, अन ही मोटर रात्रीही बंद नाई होत, लोडशेडिंग नाई तिले. आता या मोटरीले स्वतःलेही पाणी लागते ना, ते तिच्या पोटातल्या साठ्यातून नाई मिळत. मोठ्या पाइपातून निघाल्या निघाल्या दोन बारीक नळ्या फुटतात, एक डावी एक उजवी, त्या मोटरीवरच गुंडाळल्या आहेत. ठिबकच्या नळीत क्षार साचते तसा या नळीत कचरा साचला की मोटरीचा तो भाग वाळते.

एमबीबीएस_अंतिम

ठिबकवाले दादांनी मोटर फार छान सांगितली, मी ती आता पेशंटला सांगताना वापरणार. फक्त क्षाराच्या जागी थोडं थांबतो, कारण नेमक्या याच ठिकाणी बाबांची गफलत होते आहे आणि तो पत्रकवालाही त्याच गफलतीवर धंदा करतो आहे.

क्षार नळीच्या आत, पाण्याच्या वाटेत बसतो, ॲसिड सोडलं की विरघळून जातो. नसेत तसं नाही. चरबी नसेच्या भिंतीत, आतल्या अस्तराच्या खाली साचते, भिंतीला फोड यावा तशी. फोडावर पातळ साय असते. अटॅक येतो तेव्हा बहुतेक वेळा ही साय फाटते, आतला माल रक्ताला लागतो आणि त्यावर काही मिनिटांत गाठ धरते. म्हणूनच आदल्या दिवशी पोती उचलणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पडतो. फाटणारा फोड ९० टक्केवालाच असतो असं नाही, ४०-५० टक्केवाल्यालाही फाटता येतं.

आता बाबांना सांगायचं ते एवढंच की स्टेंटनं एक फोड दाबला, एका जागी, दीड-दोन इंचाच्या आत. बाकीच्या नसा त्याच आहेत. त्या सांभाळतात गोळ्या. अटोरव्हास्टॅटिन ही नुसती कोलेस्टेरॉलची गोळी समजू नका, ती फोडावरची साय घट्ट करते, फाटायचा धोका कमी करते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी ठोके आणि प्रेशर आवरते म्हणजे मोटरीवरचा लोड कमी. रॅमिप्रिलसारखी गोळी अटॅकनंतर हृदय फुगून बेढब होऊ देत नाही. सलाईननं नस साफ करायचा प्रकार आमच्या शिक्षणात कुठेच उपचार म्हणून नाही, आणि त्या ३० सलाईनच्या नादात माणूस खरी गोळी सोडतो हे सगळ्यात वाईट.

६० टक्क्यांचं म्हणाल तर तो ब्लॉक विसरून नाही राहिला, ठरवून ठेवला आहे. साधारण ७० टक्क्यांच्या वर गेल्यावर कष्टाच्या वेळी रक्त कमी पडायला लागतं. मधल्या ब्लॉकची शंका असेल तर बारीक तार आत घालून पलीकडचा दाब मोजतात. २०१९ मध्ये इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास पुढे आला, ५००० च्या वर पेशंट होते. ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांच्यात आधीच स्टेंट-बायपास करून मृत्यू कमी झाले नाहीत, चांगल्या औषधांवरचे लोकही तितकेच टिकले. हे चालू अटॅकला लागू नाही हं. अटॅकमध्ये नस उघडण्यात एकेक मिनिट मोलाचं, ते बाबांचं ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर बरोबर झालं.

आणि ४० टक्के पंपिंग वाचून घाबरू नका. ते शंभरपैकी नसतं. धडधाकट माणसाचंही ५५ ते ७० च असतं, कारण प्रत्येक ठोक्याला कप्पा पूर्ण रिकामा होतच नाही. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, सुन्न झालेला असतो, तो काही आठवड्यांत जागा होतो. म्हणून इको परत करायचा.

आर्वीची_सून

आमच्या सासऱ्यांनी अर्जुनाची साल वर्षभर घेतली, त्यांना बरं वाटलं. तुम्ही पण द्या, आपल्या मातीतलं औषध आहे.

सिस्टर_वर्धा

ताई, घेत असतील तर डॉक्टरांना सांगून घेऊ द्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत काय चाललंय ते त्यांना माहीत पाहिजे. पण गोळीच्या जागी नको. विनंती आहे.

बायपासवाले_काका

माझा बायपास २०११ चा, तीन नसा. छातीतली एक धमनी वळवून लावली अन पायाची शीर काढून बाकीच्या दोन जोडल्या. पायावरचा वण अजून उन्हाळ्यात खाजते. सांगायचं ते असं पोरा, की तुझ्या बाबाले राग येऊन राह्यला तो ब्लॉकवर नाई. ज्या माणसानं जन्मभर सुईसुद्धा टोचून घेतली नाई त्याले सांगतलं की रोज पाच गोळ्या खा, तं त्याले वाटते आपण आता कामातून गेलो. मले वाटलं होतं. आमच्या घरात सगळे मले बसवूनच ठेवत, पाण्याचा गडूही हातात देत. त्याच्यानं जास्त खचलो मी. म्हणून त्यांले काम दे. सकाळी ऊन तापायच्या आत धुऱ्यापर्यंत चालत जाऊ दे, आधी दहा मिनिटं, मग दर आठवड्याले थोडं वाढव. चालता चालता बोलता आलं पाह्यजे, दम लागून बोलता नाई आलं तं बसायचं. पोतं उचलणं अन पाठीवरचा फवारणीचा पंप डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाई म्हणजे नाई. मजुरावर लक्ष ठेवणं, हिशोब, ढोरं पाहणं हे त्यांच्याकडंच राहू दे.

अन आता चैत-वैशाख. आपल्याकडं पारा ४५ ले जाते. लघवीची गोळी असन तं पाणी किती प्यायचं हे मंगळवारी विचारून घे, काही पेशंटले पाणी कमी सांगतात अन काही उन्हात चक्कर येऊन पडतात. दोन्ही पाह्यले मी.

जेवणाचं एवढंच की पापड, लोणचं, ठेचा याच्यातलं मीठ मोज. दिवसाचं सगळं मिळून एक चहाचा चमचा. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी चांगलीच, फक्त चटणीतही मीठ कमी. तर्री वरून काढून ठेवायची.

मेडिकलवाला_देवळी

दुकानावर रोज हेच पाहतो म्हणून लिहितो. गोळ्या बंद होण्याचं अर्धं कारण पैसा असते, लोक लाजेनं सांगत नाई. चिठ्ठीवर ज्या गोळ्या आहेत त्या जवळपास सगळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त भेटतात, नाव वेगळं पण आतलं औषध तेच. पट्टीवरचं मूळ नाव अन मिलिग्रॅम चिठ्ठीसोबत ताडून घ्या. सरकारी दवाखान्यातूनही काही फुकट मिळतात. पाच गोळ्या उरल्या की पुढची पट्टी आणायची, संपल्यावर नाई.

दुसरं फार महत्त्वाचं. कंबर दुखली की लोक डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनची गोळी मागतात. हार्टच्या पेशंटले ती मनानं द्यायची नाई, पॅरासिटामॉल द्या अन डॉक्टरले विचारा. छाती दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी देल्ली असन तं ती घेतानी बसून घ्यायची, उभं राह्यलं तं प्रेशर उतरून माणूस पडते. मर्दानी ताकदीच्या म्हणून ज्या गोळ्या लोक गुपचूप घेतात त्यांच्यासोबत तं ती कधीच नाई, जीवही जाऊ शकते.

राळेगावचा_पोरगा

एक राह्यलं, फॉलोअप कुठं? बाबा म्हणतात नागपूरलेच मोठे डॉक्टर असतात.

एमबीबीएस_अंतिम

जिथे स्टेंट टाकला तिथेच ठेवा, त्यांच्याकडे तुमची अँजिओग्राफीची सीडी आणि पूर्ण रेकॉर्ड आहे. तुमच्या बाजूनं सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा दोन्ही जवळ. पुढे कधी बायपासची गोष्ट निघाली तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेजशी जोडलेलं सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानचं एम्स. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला फॉलोअपचं विचारा, अडलं तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८. खर्रा सोडायला १८००११२३५६ ही मोफत सरकारी लाइन आहे, बाबांशी ते लोक स्वतः बोलतात. सीडी जपून ठेवा, ओल लागू देऊ नका.

राळेगावचा_पोरगा

मंगळवारी जाऊन आलो, अपडेट देतो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ठीक आहे, पोटासाठी एक गोळी सकाळची वाढवली. दोन्ही पातळ करायच्या गोळ्या पुढच्या जानेवारीपर्यंत नक्की, मग ठरवू म्हणाले.

डॉक्टरनं बाबाले स्क्रीनवर सीडी लावून दाखवली. आधी ती नस मधातच तुटल्यावानी, तिच्या पुढं जेमतेम एक धागा, कोरडा नाला. मग स्टेंटनंतरचं लावलं अन काळी रेघ थेट टोकापर्यंत सरसर गेली, बारीक बारीक फाटेही भरले. बाबा खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ गेले. मग उजवीकडची नस स्वतः बोट ठेवून विचारली, हाच का तो साठवाला? डॉक्टर हो म्हणाले. येतानी एसटीत पूर्ण रस्ता काही बोलले नाई.

पत्रक मायनं चुलीत घातलं. गोळ्यांसाठी तिनं मसाल्याचा जुना स्टीलचा डबा घासून घेतला, वाट्यांत सकाळ-दुपार-सांज वेगळं, बाबाले अक्षर लहान दिसते म्हणून. खर्रा अजून सुटला नाई, दोनवर आला आहे. त्या लाइनवर उद्या फोन लावून देतो त्यांले. परत इको जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीच्या आधी. पंपिंग किती आलं ते इथंच लिहीन.