मदत हवी आहे: गावाकडं आईचं बीपी रोज कसं बघू?
मंडळी, आई पाटणजवळ गावात एकटी असते आणि मी पुण्यात. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून आकडे पाठवायला सांगितलेत. ब्लूटूथवालं मशीन घेऊन दिलं पण ते तिच्या फोनला जोडलेलं राहतच नाही, मग ती वहीत लिहून फोटो पाठवते, परवा १५८/९४ बघून माझा जीव टांगणीला लागला, नंतर कळलं की पाणी भरून आल्या आल्या मोजलेलं, पाच मिनिटं शांत बसली नव्हती आणि पट्टा स्वेटरवरूनच बांधलेला. सिमकार्डवालं, फोनशिवाय थेट आकडे पाठवणारं मशीन कुणी वापरलंय का? आणि सरकारच्या ई-संजीवनीवर घरबसल्या व्हिडिओ कॉलवरून डॉक्टरांना फुकट दाखवता येतं, पण तिथं तेच डॉक्टर परत मिळतात का, की दरवेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं? एसटीनं साताऱ्याला जाणं तिला आता झेपत नाही हो. अनुभव असेल तर प्लीज सांगा.