शब्दचर्चा : 'स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल'ला काय म्हणाल?

कोलंबसकर

मंडळाच्या अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर दोन पानं लिहायला घेतली आहेत. फुटबॉल म्हणजे इथला अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा, ज्यात पायाचं काम जेमतेम. टचडाउन, क्वार्टरबॅक हे शब्द तसेच ठेवले, त्यांना मराठी टोपी घालण्यात अर्थ नाही. घोडं अडलंय 'स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल'पाशी, म्हणजे एखाद्या संघाच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी एकूण किती तगडे, त्याचं माप. 'वेळापत्रकाची ताकद' असं लिहून बायकोला वाचायला दिलं, तर म्हणाली, "एसटीच्या वेळापत्रकाला टॉनिक पाजलंय का?"

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या साखळीत, नावात दहा असले तरी २०२४पासून १८ संघ आहेत. प्रत्येक संघ कॉन्फरन्समधले ९ सामने खेळतो. म्हणजे १७ पैकी आठ संघांशी त्याची त्या मोसमात गाठच पडत नाही. पूर्वी दोन गट असायचे, तेही २०२४पासून मोडीत काढले. एकाच तक्त्यात १८ जण, पण प्रत्येकाचा प्रवास वेगळा. आता तक्त्यात ११-१ (अकरा विजय, एक पराभव) असलेला संघ १०-२ वाल्यापेक्षा सरस म्हणायचा का, हा वाद इथे नोव्हेंबरभर चालतो आणि त्या वादात हा शब्द दर तिसऱ्या वाक्याला येतो. सुचवा काहीतरी.

क्रीडापान

वर्तमानपत्राच्या क्रीडाविभागात हयात गेली, म्हणून आगाऊपणे बोलतो. वेळापत्रक गाड्यांचं आणि परीक्षांचं. खेळात आम्ही 'कार्यक्रमपत्रिका' लिहायचो. कबड्डी, खो-खोत 'भाग्यपत्रिका' असते; कोण कोणाशी भिडणार ते तिच्यात. शब्द मोठा गोड आहे, पण तुमच्याकडे चालेल का? तिथे चिठ्ठ्या टाकतात का?

कोलंबसकर

नाही, चिठ्ठ्या नाहीत. कॉन्फरन्समधले सामने कॉन्फरन्सचं कार्यालय ठरवतं. बाहेरचे तीन सामने विद्यापीठं आपसात करार करून ठरवतात, तेही कित्येकदा बऱ्याच वर्षांआधी. आज ज्याला बलाढ्य समजून करार केला तो सामन्याच्या वर्षापर्यंत ढेपाळलेला असू शकतो. भाग्य आहे, पण पत्रिकेत नाही, पुढच्या दशेत आहे.

क्रीडापान

मग 'भाग्यपत्रिका' रद्द. आम्ही अशा वेळी सरळ वाक्य फिरवायचो. 'अमुक संघाचा मार्ग खडतर', 'तमुकला तुलनेने सोपे प्रतिस्पर्धी'. नाम करायच्या भानगडीत पडायचंच कशाला? मराठी क्रियापदावर चालते.

खडूफळा

मला तयार नाम माहीत आहे : काठिण्यपातळी. 'यंदाच्या गणिताच्या पेपरची काठिण्यपातळी जास्त होती' हे वाक्य महाराष्ट्रातला प्रत्येक पालक दर वर्षी उच्चारतो. तुमची अडचणही अगदी सीईटीसारखी आहे. पोरं वेगवेगळ्या सत्रांत बसतात, प्रश्नपत्रिका वेगळ्या, मग नुसते गुण ताडून चालत नाही, म्हणून पर्सेंटाइल काढतात. तुमच्याकडे पर्सेंटाइल कोण काढतं?

कोलंबसकर

तेरा जणांची समिती! २०२४पासून राष्ट्रीय बाद फेरीत १२ संघ घेतात. त्यातल्या काही जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांच्या, उरलेल्या ही समिती भरते. संगणकाचे तक्ते त्यांच्यासमोर असतात, पण शेवटी मत माणसांचं. पूर्वी, १९९८पासून काही वर्षं, राष्ट्रीय अंतिम लढतीचे दोन संघ ठरवणाऱ्या तेव्हाच्या बीसीएस पद्धतीत याचं थेट गणितच होतं : दोन तृतीयांश वजन प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला, एक तृतीयांश प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या. २००४मध्ये सूत्र बदललं तेव्हा तो स्वतंत्र घटक गेला.

खडूफळा

प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी! म्हणजे सोयरिकीत मुलाच्या मामाच्या सासरची चौकशी करतात तसं. पण ते बरोबर आहे. कोणी नऊ सामने जिंकला, पण कोणाविरुद्ध, हा प्रश्न एका पायरीवर थांबत नाही.

एक गणिती गंमत सांगतो. समजा सगळे सगळ्यांशी खेळले, तरी सगळ्यांचं वेळापत्रक सारखं होत नाही. सर्वांत बलवान संघाचं वेळापत्रक सर्वांत सोपं ठरतं, कारण त्याला स्वतःशी खेळावं लागत नाही. आणि तळाच्या संघाचं सर्वांत अवघड, कारण त्याला तळाचा संघ मिळत नाही. बिचारा.

अंगणवाला

आयपीएलमध्ये हेच चालू आहे की. दहा संघ, १४ सामने, पाच जणांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच. कोणाशी दोनदा हे महत्त्वाचं, पण आपल्याकडे त्यावर कोणी डोकं खात नाही. आपण खेळपट्टी आणि नाणेफेकीवर खापर फोडून मोकळे.

कोलंबसकर

काठिण्यपातळी अर्थाला चपखल आहे, पण लेखात घातलं तर वाचणाऱ्याला एमपीएससीचा क्लास आठवतो. आता प्रत्यक्ष उदाहरणावर शब्द घासून बघू. २०२४च्या मोसमात बिग टेनचे चार संघ बाद फेरीत गेले : ओरेगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, इंडियाना. नियमित मोसमात आमच्या ओहायो स्टेटला बाकीचे तिघेही लागले. ओरेगनशी त्यांच्या घरी ३२-३१ हरलो, पेन स्टेटला त्यांच्या घरी २०-१३ हरवलं, इंडियानाला आमच्या घरी, कोलंबसमध्ये, ३८-१५. आणि ओरेगन, पेन स्टेट, इंडियाना या तिघांना त्या चौघांपैकी फक्त एकच लागला, तो आम्ही. परिणाम असा की आम्ही १०-२ राहून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यालाही मुकलो आणि इंडियानाचे लोक ११-१ची पाटी गळ्यात घालून हिंडत होते.

ब्लूमिंग्टनच्या मावशी

मुलगी इथे इंडियाना विद्यापीठात शिकली, तेव्हापासून मी लाल स्वेटर घालून स्टेडियमात बसते, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगते. कोलंबसकर, तुमचं गणित बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. आमच्या त्या वर्षीच्या यादीत मिशिगन आणि वॉशिंग्टन दोघंही होते. जानेवारी २०२४ची राष्ट्रीय अंतिम लढत कोणामध्ये झाली होती? मिशिगन आणि वॉशिंग्टनमध्येच! उन्हाळ्यात यादी बघून आम्ही डोक्याला हात लावला होता. पण दोघांचेही प्रशिक्षक जानेवारीतच गेले होते आणि मोसमात दोघंही ढासळले. आम्ही वॉशिंग्टनला ३१-१७ आणि मिशिगनला २०-१५ हरवलं, तर लोक म्हणाले, "हरवलं त्यात काय, ते यंदा कुठे चांगले आहेत?" बरं, त्याच मिशिगनने तुम्हाला तुमच्या घरी १३-१० असं लोळवलं, ते कुठे गेलं?

आणि कॉन्फरन्सबाहेरचे तुमचे तिघे, अक्रन, वेस्टर्न मिशिगन, मार्शल, हे काय कळसूबाई-साल्हेर होते?

कोलंबसकर

मावशी, मिशिगनचा विषय काढायचा नाही असं घरातसुद्धा ठरलंय.

पण तुमच्या बोलण्यातून एक गोष्ट निघाली. शब्द एक नाही, दोन हवेत. मोसमाआधी दिसणारा अवघडपणा वेगळा आणि मोसम संपल्यावर निघालेला वेगळा.

क्रीडापान

त्यासाठी नवा शब्द कशाला? 'कागदावर खडतर' आणि 'प्रत्यक्षात सोपा निघाला'. 'कागदावर' हा क्रीडापानाचा जुना नोकर आहे.

अंगणवाला

'कपकेक'ला काय म्हणणार? मोठे संघ सप्टेंबरात दुबळ्यांना पैसे देऊन घरी बोलावतात आणि चेपतात, ते. मी 'लिंबूटिंबू' सुचवतो. वर्तमानपत्रातही येतो.

कोलंबसकर

मिळाला! इंडियानाने त्या वर्षी वेस्टर्न इलिनॉयला ७७-३ असं चेपलं होतं.

क्रीडापान

जरा थांबा. अंगणातल्या खेळात लिंबूटिंबू म्हणजे खेळात घेतलेला, पण ज्याचं आउट होणं मोजत नाहीत असा लहानगा. तुमच्याकडे त्याच्यावरचा विजय मोजतात की नाही?

कोलंबसकर

मोजतात, आणि तिथेच खरी मेख आहे. वेस्टर्न इलिनॉय हा खालच्या स्तरातला, एफसीएसचा संघ. मोसमाअखेरच्या बोल सामन्याला पात्र व्हायला सहा विजय लागतात आणि त्यात खालच्या स्तरावरचा एकच विजय धरतात. दुसरा केलात तर तो खरा लिंबूटिंबू, धरतच नाहीत. म्हणजे नियमपुस्तिकेतच आपलं अंगण आहे.

खडूफळा

आणि लिंबू कधी कधी दातही आंबवतं. २००७ साली ॲपलाचियन स्टेटने, तेही तेव्हा खालच्याच स्तरात होते, पाचव्या मानांकित मिशिगनला ॲन आर्बरमध्ये जाऊन ३४-३२ हरवलं होतं. एवढं कॉलेज फुटबॉल मलाही ठाऊक आहे.

कोलंबसकर

सर, मिशिगनच्या पराभवांची उदाहरणं कितीही चालतील.

एक उपप्रश्न. 'बाय वीक'ला काय लिहू? मी 'पुढे चाल' लिहिलं होतं.

क्रीडापान

चूक. 'पुढे चाल' म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत जाणं. तुमच्याकडे त्या आठवड्यात कोणी पुढे जात नाही, फक्त बसतं. 'मोकळा आठवडा' लिहा.

ब्लूमिंग्टनच्या मावशी

हा मोकळा आठवडासुद्धा यादीच्या सोपेपणात धरतात बरं. आम्हाला तो नेमका कोलंबसच्या आधी मिळाला होता. त्याचा काय उपयोग झाला ते वर ३८-१५मध्ये आलंच आहे. आणि बारापैकी आठ सामने घरी होते, हेही मान्य करून टाकते, नाहीतर कोलंबसकर उद्या काढतीलच.

सराफकट्टा

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही सगळे ज्याच्याभोवती फिरताय तो शब्द आमच्या पेढीतला आहे : कस. सोनं कसोटीच्या दगडावर घासून जो उतरतो तो कस. 'लढतींचा कस' म्हणा की.

खडूफळा

सुंदर, पण एक शंका. 'संघाचा कस लागला' म्हणतो तेव्हा कस संघाचा, म्हणजे सोन्याचा. वेळापत्रक हा तर दगड. दगडाला कस कसा?

सराफकट्टा

दगडाला नसेल, जमिनीला असतो ना? 'कसदार जमीन' म्हणतोच. तिथे कस म्हणजे अंगचं सत्त्व. तुमच्या सामन्यांत सत्त्व असेल तर ती यादी कसदार, नाहीतर निकस. पिकावरून जमिनीची परीक्षा, जमिनीवरून पिकाची.

क्रीडापान

'निकस वेळापत्रक'! चाळीस वर्षांत सुचला नाही हो हा मथळा.

कोलंबसकर

आता मला फरक दिसतोय. 'खडतर' हे चालणाऱ्याच्या पायावरून ठरतं, 'कसदार' हे वाटेच्या अंगावरून. एकच यादी ओहायो स्टेटला नुसती कसदार आणि पर्ड्यूला खडतर असू शकते. पर्ड्यू त्या वर्षी १-११ होता, त्याला कुठलीही यादी खडतरच. म्हणून संगणकवाले दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक, यादी किती अवघड. आणि दुसरी, जिला ते 'स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड' म्हणतात : हीच यादी पहिल्या पंचविसातल्या एखाद्या सरासरी संघाला दिली, तर त्याला एवढे किंवा याहून जास्त विजय मिळायची शक्यता किती. पहिला यादीचा कस, दुसरा कमाईचा कस.

लेखातला परिच्छेद असा झालाय, बघा :

'बिग टेनमध्ये अठरा संघ, पण प्रत्येकाच्या वाट्याला नऊच. त्यामुळे दोन संघांची कमाई ताडताना दोघांच्या यादीचा कस आधी बघावा लागतो. २०२४मध्ये इंडियानाची यादी कागदावर खडतर होती. मोसम सरता सरता ती निकस ठरली, त्यात इंडियानाचा दोष नव्हता. ओहायो स्टेटची यादी कसदार होती आणि त्या संघाचे दोन पराभव त्या कसाच्या हिशेबात धरायला हवेत.'

ब्लूमिंग्टनच्या मावशी

'निकस' काढा. 'मध्यम' लिहा. आणि दोन पराभवांतला एक मिशिगनकडून, तेव्हाच्या त्या ढासळलेल्या मिशिगनकडून, घरच्या मैदानावर. तो कुठल्या कसात बसवताय ते कळू द्या.

कोलंबसकर

मावशी, अंक छापायला गेला.