ओपनएसएसएलचं काम कुठवर आलंय हे नेमकं कुठं बघायचं?

कृष्णाकाठ_कोडर (सांगली)
मंडळी, एक विचारायचं होतं. आम्ही विश्रामबागला तिघंजण मिळून पतसंस्थांचं आणि यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांचं सॉफ्टवेअर बघतो, सर्व्हर सगळे उबुंटू २२.०४ वर, त्यात ओपनएसएसएल (नेटवरनं जाणारी माहिती एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) ३.०.२ दाखवतंय. आता एका पतसंस्थेच्या ऑडिटरनी लेखी विचारलंय की तुमची क्रिप्टो लायब्ररी सपोर्टमधे आहे का आणि पोस्ट क्वांटमचं (क्वांटम कॉम्प्युटरलाही न फुटणाऱ्या एन्क्रिप्शनचं) काय ठरवलंय. गिटहबवर जाऊन बघितलं तर कमिट (कोडमधले बदल) पडतायत, इश्यू (तक्रारी) ढिगानी उघडे, पुल रिक्वेस्ट (बदल घ्या म्हणून आलेले प्रस्ताव) वेगळ्याच, त्यातनं प्रोजेक्ट पुढं चाललाय का कुठं अडकलाय काहीच कळंना. दर सोमवारी थोडा वेळ काढून लक्ष ठेवायचं म्हटलं तर काय बघायचं? कमिटच्या ग्राफवरनं अंदाज येतो का? आणि ३.०.२ लय जुनं असेल तर सोर्सवरनं ३.५ बिल्ड करून टाकू का?

अजिंक्यतारा_रूट (सातारा)
दादा पहिलं शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, लाइव्ह सर्व्हरवर सोर्सवरनं बिल्ड करून टाकू नका. उद्या एखादं भोक सापडलं की पॅच लावायची जबाबदारी पूर्ण तुमच्यावर येते. ३.०.२ हा आकडा बघून घाबरू नका, उबुंटूवाले नवीन फिक्स जुन्याच व्हर्जनमधे आणून बसवतात. १ नोव्हेंबर २०२२ ला ३.०.७ आलं, त्यात गंभीर दुरुस्ती होती, २२.०४ ला तीच दुरुस्ती अपडेटमधनं मिळाली पण नंबर ३.०.२ च राहिला. त्यामुळं ऑडिटरला पॅकेजचा पूर्ण नंबर द्या, शेपटासकट, आणि उबुंटूची सिक्युरिटी नोटीस जोडा.

आता ग्राफचं. क्रिप्टो लायब्ररीत कमिट किती पडले यावरनं काहीच ठरत नाही हो. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा गाजलेला बग मार्च २०१२ ला १.०.१ मधनं बाहेर आला आणि ७ एप्रिल २०१४ ला १.०.१जी येईपर्यंत तसाच बसून होता, समोरच्यानी सांगितलेली लांबी तपासलीच नव्हती, एका फटक्यात ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर जायची. त्या दोन वर्षांत कमिट काय थांबले होते का? म्हणून मी तरी बघतो ते रिव्ह्यू कसा होतोय ते. पुल रिक्वेस्टवर लेबलं असतात, आधी ‘रिव्ह्यू पेंडिंग’, दोन जणांनी मान्यता दिली की ‘अप्रूव्हल डन’, त्यानंतरही २४ तास तसंच ठेवतात, कुणाला आक्षेप घ्यायचा असेल तर घेता यावा म्हणून, आणि मग ‘रेडी टू मर्ज’. आपल्याला लागणारी पुल रिक्वेस्ट यातल्या कुठल्या पायरीवर आहे आणि तिच्यावर कुठल्या ब्रँचचं (कोडच्या फांदीचं) लेबल आहे, मास्टरचं म्हणजे मुख्य कोडचं का ३.० चं, एवढं बघितलं तरी खूप कळतं. मोठी कामं ‘फीचर’ नावानी सुरू होणाऱ्या वेगळ्या ब्रँचवर चालतात, ती मास्टरमधे आली की समजायचं काम धरलं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, सगळ्यात महत्त्वाचं काम इश्यूमधे दिसतच नाही. सिक्युरिटीचा गंभीर बग खाजगीत कळवला जातो, खाजगीत दुरुस्त होतो आणि फिक्सबरोबरच जाहीर होतो. ३.०.७ च्या वेळी आठवडाभर आधी नुसती तारीख सांगितली होती, बग काय ते सांगितलं नव्हतं. म्हणून ओपनएसएसएलच्या अनाउन्स मेलिंग लिस्टची मेल लावून ठेवा. ती आली तर सोमवारची वाट बघायची नाही.

मिरज_लोको
वर बरोबर सांगितलंय. पोस्ट क्वांटमचं असं की नवी रिलीज दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते, ३.५ ८ एप्रिल २०२५ ला आली, त्यात एमएल-केईएम (की ठरवायला), एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए (डिजिटल सह्यांना) हे पोस्ट क्वांटमचे तिन्ही अल्गोरिदम आले. निस्टनी (अमेरिकेची मानकं ठरवणारी संस्था) त्यांची स्टँडर्ड ऑगस्ट २०२४ मधे पक्की केली होती, म्हणजे आठ महिन्यांत लायब्ररीत. ३.५ एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची) आहे, एप्रिल २०३० पर्यंत. ३.० चा मूळ प्रोजेक्टकडचा सपोर्ट ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच, २२.०४ साठी उबुंटू स्वतः २०२७ पर्यंत बघणार. या दोन्ही तारखा ऑडिटरच्या उत्तरात वेगवेगळ्या लिहा, एकत्र केल्या की गोंधळ होतो.

कराड_हॉस्टेल
सर, गिटहबवर वॉच मधे कस्टम निवडून फक्त रिलीज आणि सिक्युरिटी अलर्ट ठेवा, बाकीचा गोंगाट बंद होतो. नाहीतर रिलीजच्या पानाच्या पत्त्यापुढं डॉट अ‍ॅटम लावलं की फीड मिळते. रिलीज आली की आधी न्यूज फाइल वाचायची, ती थोडक्यात असते, काही आपल्याला लागणारं दिसलं की मग चेंजेस फाइल उघडायची. आमच्या ग्रुपनी डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केलीय, सीएलए (कोड देणाऱ्याचा परवानगी करार) भरून द्यावा लागतो पण रिव्ह्यू इतका बारकाईनी होतो की वर्गात एवढं कोडबद्दल कुणी बोलत नाही, खरंच सांगतो, तुमच्याकडंही कुणी पोरं असतील तर लावा त्यांना.

कृष्णाकाठ_कोडर (सांगली)
लई आभार सगळ्यांचे, उत्तराचा मसुदा आजच करतो. एक राहिलं, टेस्ट सर्व्हरवर ३.५ लावून बघायचं ठरवलंय, तिथं पहिलं काय तपासू? एका शाखेत जुना फायरवॉल आहे.

मिरज_लोको
मग त्या शाखेतनंच सुरू करा. ३.५ क्लायंटला असेल तर टीएलएस १.३ (सुरक्षित कनेक्शनचा प्रोटोकॉल) मधे तो आपणहून एक्स२५५१९ (की ठरवायची नेहमीची पद्धत) आणि एमएल-केईएम-७६८ जोडून पाठवतो. नुसत्या एक्स२५५१९ ची की ३२ बाइट, जोडीची १२१६, त्यामुळं पहिला हॅलोच (कनेक्शन सुरू करणारा मेसेज) एका पॅकेटात मावत नाही, दोन होतात, आणि काही जुने फायरवॉल तिथंच कनेक्शन तोडतात. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट (कनेक्शन तपासायच्या) कमांडला ग्रुप्सचा पर्याय देऊन आधी फक्त एक्स२५५१९ नी जोडून बघा, मग जोडीनी. पहिलं चाललं आणि दुसरं लटकलं तर फायरवॉलच्या फर्मवेअरचं बघा, लायब्ररीत शोधत बसू नका. आणि काय निघालं ते इथं टाका, आमच्याकडं पण दोन ठिकाणी तसेच जुने डबे आहेत.