कमोडोर ६४ वर ८० कॉलमचा टर्मिनल

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावरून दुसऱ्या संगणकाला जोडायला टर्मिनल प्रोग्रॅम लागतो. त्यासाठी ‘सीसीजीएमएस घ्या, बाकी काही नको’ हे मत अर्धंच पटलं. पेटस्की या कमोडोरच्या अक्षरसंचातली रंगीत बीबीएस (दूरून जोडायचा संदेशफलक) बघायची तर तेच घ्यावं. पण युनिक्स संगणकावर लॉगिन करून व्हीआय हा मजकूर-संपादक चालवायचा असेल तर व्हीटी१०० या टर्मिनलची नक्कल आणि ८० कॉलम (ओळीत ८० अक्षरं) हवेत, तिथे नोव्हाटर्म हा दुसरा प्रोग्रॅम बरा. मात्र पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल, म्हणजे अक्षराला जेमतेम ४ पिक्सेल, त्यातही मधली फट आलीच. एम आणि डब्ल्यू ओळखताना डोळ्यांचं भजं होतं! शिवाय हा मजकूर बिटमॅपवर, म्हणजे पिक्सेल-पिक्सेल करून, रंगवावा लागतो, त्यामुळे स्क्रोलिंग रडतखडत. वेगाचा दोष सरसकट सॉफ्टवेअरला देऊ नका; यूझर पोर्ट या जोडणीवर सिरियलचं काम (एकेक बिट पाठवणं-घेणं) प्रोसेसरच करतो. हे काम स्वतःच्या चिपवर करणारं स्विफ्टलिंक कार्ट्रिज लावून मग तुलना करा. कमोडोर १२८ असेल तर प्रश्नच मिटला, त्यात ८० कॉलमची वेगळी चिप आहे.