देवाचं काम म्हणून रोजचं काम : तुमची रीत सांगा

रामकृष्णहरी माऊली. सावता महाराजांनी आरणच्या मळ्यात, गोरोबाकाकांनी तेरच्या मातीत देव पाहिला. पण 'कामातच देव' एवढं म्हणून भागत नाही. त्याची आज्ञा मानायची तर लक्ष कुठे ठेवायचं, माप किती घ्यायचं, काय बिघडतं आणि का, हे आपापल्या कामातलं इथे लिहा. स्वतःविषयी नको, कामाविषयी लिहा.

नैवेद्याचा स्वयंपाक

नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, त्यामुळे सगळी भिस्त मापावर. कटाच्या 1 लिटर आमटीला बारीक मिठाचे 2 सपाट चहाचे चमचे. जाडं मीठ त्याच चमच्यात कमी बसतं, म्हणून देवघराच्या स्वयंपाकाला एकच मीठ आणि एकच चमचा ठेवा.

पुरणाला 1 किलो हरभराडाळ, 1 किलो गूळ. डाळ दोन तास भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. दाणा बोटांत चिमटून पाहा. कणी लागली तर परत चुलीवर, कारण गूळ पडला की डाळ पुढे मऊ होत नाही आणि लाटताना तीच कणी पोळी फाडते. चाळणीतलं ठिबकणं पूर्ण थांबल्यावरच गूळ घाला. इथली घाई पुढे निस्तरता येत नाही. उलथनं पुरणात उभं राहिलं की उतरवा आणि गरम असतानाच यंत्रातून काढा. सैल राहिलं तर पोळी फुटते, फार आटलं तर पुरण मधेच बसतं आणि कडा कोरड्या राहतात. वेलची-जायफळ अगदी शेवटी, नाहीतर वास वाफेबरोबर जातो.

कुंभारकाम

मातीतला चुनखडीचा खडा हा सगळ्यांत मोठा वैरी. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. मडकं बाहेर आल्यावर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि टवका उडवतो. हे होतं विकल्यावर काही दिवसांनी, गिऱ्हाइकाच्या घरी. बाजारात कुणाला दिसत नाही, म्हणूनच इथे इमान लागतं. माती नुसती कोरडी चाळून पुरत नाही. पातळ कालवून बारीक जाळीतून गाळा, निवळू द्या, मग तुडवा.

सुकवणं सावलीत. उन्हात काठ आधी आकसतो, बूड ओलंच राहतं आणि मधे चीर जाते. मडकं गालाला लावून पाहा : गार लागलं तर आत ओल आहे. तसंच भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, म्हणून पहिला जाळ मंदच ठेवायचा. निघाल्यावर बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणलं तर पक्कं. भद्द वाजलं तर चीर आहे, ते पाण्यासाठी विकू नका. संतांची डोकी मडक्यांसारखी ठोकून पाहणारी गोरोबाकाकांची थापटी आठवा, तिनं नामदेवांचंही कच्चेपण झाकलं नाही.

किराणा

तोलताना दांडी मारणं हे पापच. पण न मारताही माप चुकतं. काटा सपाट जागी ठेवा, काट्यावरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणा. 1 किलोचं प्रमाणित वजन ताटलीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा : आकडा बदलला तर काटा दुरुस्तीला द्या. वेलची-केशर तोलताना पंखा बंद. रिकामा डबा ठेवून आधी शून्य करा, पुठ्ठ्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या.

पखवाज

डाव्या बाजूला लावायची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल, मीठ-तेल न घालता. आधी चामड्याचा मध्य ओल्या बोटानं पुसा, मगच गोल थापा, नाहीतर वाजवताना सुटते. आवाज खाली हवा तर थोडी वाढवा, वर हवा तर खरवडा. भजन संपलं की लगेच काढा. वाळली तर काढताना चामड्याचा पापुद्रा ओढते, आणि राहिली तर रात्री उंदीर पुडी (तोंडावरचं चामडं) कुरतडतात. ओलसर फडक्यानं पुसून सावलीतच वाळवा, मग गवसणी घाला.