टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे दावेदार आधीच कसे हेरायचे?

सायकलवेडा: जूनमधल्या दोफिनेच्या (टूरआधीची फ्रान्समधली शर्यत, 2025 पर्यंत हे नाव होतं) निकालावरून अंदाज बांधला तर चालेल का?

घाटवाला: नुसता निकाल नको, टप्पे बघ. 2025 च्या दोफिनेत टाइम ट्रायलला (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायचा टप्पा) बेल्जियमच्या एव्हनपूलने स्लोव्हेनियाच्या पोगाचारला जवळपास 50 सेकंदांनी मागे टाकलं. डोंगर लागले आणि चित्र पालटलं. टूरमध्ये तर एव्हनपूलने तुर्मालेच्या चढावर शर्यतच सोडली.

चेनरिंग: आधी मार्ग वाच. टाइम ट्रायल किती किलोमीटर, चढावर संपणारे टप्पे किती? मग संघ. शेवटच्या चढाला सोबत एखादा तरी दमदार साथीदार हवा, नाहीतर प्रत्येक हल्ला एकट्यालाच थोपवावा लागतो.

घाटवाला: दुखापत धर, पण नाव लगेच खोडू नकोस. एप्रिल 2024 मध्ये बास्क शर्यतीत पडून डेन्मार्कच्या विंगेगोरचं फुप्फुस जायबंदी, तरी जुलैत टूरमध्ये दुसरा! विजेत्याच्या फक्त 6 मिनिटं 17 सेकंद मागे.

चेनरिंग: ‘फक्त’ म्हणे!