मदत हवी आहे: 'गृह आधार बंद होणार' असा ऑडिओ गावच्या ग्रूपांवर फिरतोय, खरं-खोटं कसं तपासायचं?

सत्तरीकर
गोव्यात बायकांना महिन्याला पैसे देणाऱ्या गृह आधार योजनेबद्दल गावच्या तीन व्हॉट्सॲप ग्रूपांवर 48 सेकंदांचा कोंकणी ऑडिओ आलाय. बाईचा आवाज आहे: "आयतारा मेरेन फॉर्म भरलो ना जाल्यार पयशे बंद जातले." (रविवारपर्यंत फॉर्म भरला नाही तर पैसे बंद होतील.) जोडीला एका दैनिकाच्या कात्रणाचा फोटो. फॉर्म भरायचाय तो एका इच्छुक उमेदवाराच्या कार्यालयात, पासबुक आणि मतदार ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन. ऑडिओवर दोन बाणांची खूण आहे. महिन्याचे 1500 रुपये जातील म्हणून काजू कारखान्यातल्या बायका दिवसाची मजुरी बुडवून जायला निघाल्यात. पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकला पाठवलं, उत्तर नाही. कुठे तपासू? आणि खोटं निघालं तर ते या बायकांपर्यंत पोचवायचं कसं?

दप्तरी
पीआयबीचा विभाग केंद्र सरकारशी संबंधित दावेच तपासतो. गृह आधार ही गोवा सरकारच्या महिला व बालविकास खात्याची योजना, त्यामुळे तिथे वाट बघू नका. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, पण "हे खरं का?" असं मोघम नको. असं विचारा: या तारखेपर्यंत फॉर्म भरायचं परिपत्रक निघालंय का, त्याचा क्रमांक काय, आणि फॉर्म खासगी कार्यालयात स्वीकारले जातात का? उत्तर ईमेलवर किंवा शिक्क्यानिशी मिळालं तर पुढे कामाला येतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाभार्थींना हयातीचा दाखला खरोखरच द्यावा लागतो. अफवा त्या खऱ्या खुंटीला टांगलेली आहे, म्हणून बायकांना ती पटते. "सगळं खोटं आहे" म्हणालात तर ज्यांचा दाखला राहिलाय त्यांचं नुकसान होईल. दाखल्याचं काय ते वेगळं सांगा.

कात्रणासाठी त्या दैनिकाच्या त्याच तारखेच्या गोवा आवृत्तीचा ई-पेपर उघडून सगळी पानं बघा. तारीख आणि वार जुळतात का? फोटो मोठा करा. मजकूर धूसर आणि मथळा मात्र लखलखीत असेल तर मथळा मागाहून चिकटवलेला असू शकतो. मग गूगल लेन्सवर टाका. जुनीच बातमी नव्या तारखेने फिरवणं हा सर्रास प्रकार आहे. फोटोतली दडलेली माहिती शोधण्यात वेळ घालवू नका, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते.

दोन बाण म्हणजे मूळ पाठवणाऱ्यापासून निदान पाच वेळा पुढे ढकललेला संदेश. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तिन्ही ग्रूपांवर टाकणारा नंबर एकच निघाला, तर त्याने तो तीनदा बसून टाकलाय.

भाग_क्रमांक
मला पैशांपेक्षा त्या झेरॉक्सची काळजी वाटते. मतदार ओळखपत्राच्या नंबरावरून मतदान केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक सापडतो. पासबुकासोबत तो घेतला की कोणत्या केंद्रावर कोणती बाई सरकारी पैशांवर अवलंबून आहे, याची यादी आयती तयार. 2022 मध्ये गोवा विधानसभेच्या सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल 76 मतांनी लागला होता. अशा राज्यात एका वाड्याची भीतीसुद्धा मतांत मोजली जाते. ज्यांनी झेरॉक्स दिली असेल त्यांना ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून आजच बजावा, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करा असं कुणीतरी सुचवेलच. ते ॲप आचारसंहिता लागू असतानाच चालतं. आता लेखी तक्रार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्या.

सत्तरीकर
बालविकास कार्यालयातून कळलं: असं परिपत्रक नाही. ॲडमिनला ऑडिओ काढून टाकायला सांगू का?

दप्तरी
थांबा, आधी पुरावा. नंबर, ग्रूपचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, ऑडिओ फाइल जतन करा, चॅट एक्सपोर्ट करा. तो फोन फॉरमॅट करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते. त्यानंतर तोच संदेश दाबून धरून रिपोर्ट करा, मग ॲडमिनने "सर्वांसाठी डिलीट" करावं. दुसऱ्या ग्रूपांवर गेलेल्या प्रती मात्र तशाच राहतात.

वाड्यावरची
आता पोचवायचं कसं. अफवा कोंकणी आवाजात आली आणि खुलासा इंग्रजी पीडीएफमध्ये गेला, तर कारखान्यात कोण वाचणार? ज्याला वाचता येतं तो घरबसल्या खात्री करतो. जिला येत नाही तिचा रोज बुडतो. म्हणून खुलासाही आवाजातच द्या, 30 सेकंदांच्या आत. अंगणवाडी सेविकेने बोलावं, तिचा आवाज ओळखीचा असतो. पहिलं वाक्य खऱ्याचं: "गृह आधाराचे पयशे बंद जावंक नात." (पैसे बंद झालेले नाहीत.) मग "फॉर्म भरपाक खंयच वचपाची गरज ना, पासबूक कोणाक दिवं नाकात." (फॉर्म भरायला कुठेच जायची गरज नाही, पासबुक कुणाला देऊ नका.) शेवटी हयातीच्या दाखल्याबद्दल एक वाक्य, आणि आजची तारीख बोलून सांगा, नाहीतर हाच ऑडिओ पुढच्या वर्षी चुकीच्या वेळी फिरेल. मूळ ऑडिओवर "खोटा" लिहून तो परत पाठवू नका. लिहिलेलं गळून पडतं आणि आवाज पुढे जातो.

ज्या बाईने तो ग्रूपवर टाकला तिला चारचौघांत बोलू नका. तिला वेगळा फोन करा आणि खुलासा तिलाच टाकू द्या. ज्यांनी पहिला ऑडिओ तिच्याकडून ऐकला, त्या दुसराही तिच्याचकडून ऐकतील. कारखान्याची गाडी सकाळी जिथे थांबते तिथे हाताने लिहिलेला एक कागदही लावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांना अफवा तोंडी कळलेली असते, त्या कुठल्याच ग्रूपवर सापडणार नाहीत.